पदवीनंतरच्या वर्षांचा हिशेब

पलूस तालुक्यातून एक फेरी मारली तरी स्थापत्य अभियांत्रिकीची बहुतेक प्रकरणे नजरेखालून जातात. कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघालेला ब्रिटिश अमदानीतील कृष्णा कालवा येथे आहे, ताकारी योजनेने उपसून आणलेले पाणी आहे, पुणे-मिरज लोहमार्ग आहे आणि १९१० साली माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतील पंपांचा कारखानाही आहे. याच तालुक्यातील भिलवडीसारख्या नदीकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर अनुभवले. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. अभियंत्याने हाती घ्यावे असे काम चोहोकडे पसरलेले असताना याच भागातील स्थापत्य पदवीधर मात्र ‘आता पुढे काय?’ असे विचारत उभा असतो. या विसंगतीचे कारण समजून घेतल्याखेरीज त्याला दिलेला कोणताही सल्ला पोकळ ठरेल.

तसे पाहिले तर वाटांची वाण नाही. कंत्राटदाराकडे किंवा बांधकाम कंपनीत प्रत्यक्ष कामावर रुजू होता येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नोंदणी करून लहान कामे घेता येतात. आखाती देशांत आणि युरोप-अमेरिकेतही अभियंत्यांना मागणी असते. यांखेरीज पदव्युत्तर शिक्षणाची वाट आहेच. अडचण आहे ती निवडीची, आणि त्याहून अधिक निवडीच्या हिशेबाची.

शेतकरी कुटुंब शिक्षणाचा खर्च मोजते तो शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ यांच्या रूपाने. या खर्चात गेलेली वर्षे धरली जात नाहीत. एखाद्या पर्यायासाठी सोडून दिलेल्या दुसऱ्या उत्तम पर्यायाचे मूल्य म्हणजे अर्थशास्त्रातला संधी परिव्यय. तो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो, पण द्यावा लागतोच. पदवीनंतर पुण्याच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षे काढणाऱ्या तरुणाच्या बाबतीत हाच परिव्यय सर्वांत मोठा असतो. शासकीय सेवेची आकांक्षा गैर नाही. तिच्यात स्थैर्य आहे आणि लोकोपयोगी कामाची संधीही आहे. परंतु पदे मर्यादित, जाहिराती अनियमित आणि उमेदवार अगणित अशा स्थितीत आपण किती प्रयत्न करणार, हे पहिल्याच दिवशी ठरविले पाहिजे. अनुभव न मिळवता लोटलेले प्रत्येक वर्ष खासगी क्षेत्रातील त्याची किंमत उतरवीत असते.

पदव्युत्तर शिक्षणाचा हिशेब याच पद्धतीने मांडता येतो. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. दोन वर्षांचे २,९७,६०० रुपये होतात. समजा, त्याच काळात त्याला दरमहा २०,००० रुपयांची नोकरी मिळाली असती, तर ४,८०,००० रुपयांची मिळकत झाली असती. या दोन रकमांतील १,८२,४०० रुपयांचा फरक आणि शिक्षणाचा खर्च ही त्याची खरी गुंतवणूक. पुढील पंचवीस-तीस वर्षांच्या वेतनात ती सहज वसूल होऊ शकते. मात्र गेटवाचून, कर्ज काढून आणि केवळ नोकरी लांबणीवर टाकण्यासाठी घेतलेल्या पदवीबाबत असे म्हणता येणार नाही. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. त्यामुळे परीक्षा देऊन एखादे वर्ष कामावर काढणे आणि मग विषय ठरविणे शक्य असते; पुष्कळांना हीच वाट हिताची ठरेल.

विषय कोणता, हा पुढचा प्रश्न. संरचना आणि बांधकाम व्यवस्थापन या शाखांकडे ओढा मोठा आहे, कारण इमारतींचा व्यवसाय डोळ्यांसमोर असतो. परंतु बांधकामाची मागणी ही व्याजदर, सरकारी खर्च आणि जमिनीचे भाव यांच्या मागे धावणारी असते. तेजीत सर्वांना सामावणारे हे क्षेत्र मंदीत प्रथम नवख्यांनाच घरी बसविते. पाणी, भूतंत्र, पर्यावरण आणि वाहतूक या शाखांचा विचार त्यामानाने कमी होतो. वास्तविक या विद्येचा भारतातील इतिहासच पाण्याशी निगडित आहे. रुरकीचे महाविद्यालय १८४७ साली निघाले ते गंगा कालव्याला माणसे हवी होती म्हणून. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचे नाव प्रथम गाजले ते खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे.

पलूसच्या परिसरात हा विषय पुस्तकी राहत नाही. पाण्याच्या अतिवापराने कृष्णाकाठची काळी जमीन पाणथळ आणि क्षारपड झाली आहे. तिला उपाय आहे: शेतात ठरावीक खोलीवर छिद्रांच्या नळ्या पुरून खारट पाणी बाहेर काढणे. नळ्यांतील अंतर, उतार आणि निचऱ्याचा शेवट हे सारे गणित अभियंत्याचे आहे. शिवाय पाणी बाहेर सोडायचे तर शेजाऱ्याचा बांध ओलांडावा लागतो, म्हणून हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हे.

येथेच मूळ विसंगतीचा उलगडा होतो. गरज आणि मागणी या एक गोष्टी नव्हेत. जमिनीला निचऱ्याची आणि गावाला पूररेषेच्या अभ्यासाची गरज कितीही असली, तरी त्या ज्ञानाचे मोल देणारा कोणी उभा राहिल्याशिवाय अभियंत्याला काम मिळत नाही आणि तो पुण्या-मुंबईची वाट धरतो. सहकारी उपसा सिंचन संस्था काढून ज्या भागाने नदीचे पाणी माळावर नेले, त्या भागाला शेतातील जादा पाणी बाहेर काढण्यासाठीही तसेच एकत्र येता येईल. साखर कारखाने, पाणीवाटप संस्था आणि ग्रामपंचायती यांनी मिळून एखाद्या तज्ज्ञ अभियंत्याचा पगार उचलला, तर तो प्रत्येकाच्या वाट्याला जड जाऊ नये. सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७), कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३) या संस्था येथून फार लांब नाहीत. त्यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध याच शिवारांवर व्हावेत, असा आग्रह धरण्यास कोणाची आडकाठी आहे?

पदवीधराने आपल्या वर्षांची किंमत ओळखावी आणि ती कोणत्या प्रश्नासाठी खर्चायची ते ठरवावे. समाजाने त्या वर्षांचे मोल देण्याची तयारी ठेवावी. यांतील पहिले तरुणाच्या हाती आहे. दुसरे झाले नाही, तर घडविलेला अभियंता दूर जाईल आणि कृष्णाकाठची खारावलेली जमीन तशीच राहील.