पाच लिटर कुलंट आणि सात लाख गाड्या

चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं, तेव्हा त्याच मिनिटात त्याच्या आत ४,००० वेळा इंधन पेटतं. शहरात गाडी सरासरी ताशी ३० किलोमीटरने चालते असं धरू. एक लाख किलोमीटर व्हायला सुमारे ३,३३३ तास लागतात, म्हणजे दोन लाख मिनिटं. तेवढ्या अवधीत इंधन पेटतं ८० कोटी वेळा. आतल्या ज्वाळेचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि ती झेलणारं हेड ज्या ॲल्युमिनियमचं असतं, ते ६६० अंशांना वितळतं.

या दोन आकड्यांच्या मधे उभं असतं ते पाचेक लिटर कुलंट. गॅरेजमध्ये ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो पंप हेच पाच लिटर अखंड फिरवत राहतो. मिनिटाला ४० लिटर हा बेताचा हिशेब धरला, तरी लाख किलोमीटरमध्ये त्यातून ८० लाख लिटर द्रव जातो. उन्हाळ्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारात दहा हजार लिटरचा टँकर उभा राहतो ना, तसे ८०० टँकर! आणि हे सगळं मुठीत मावेल एवढ्या पंख्याच्या जिवावर.

महामार्गावर ताशी ९० ने जाणारी गाडी तासाला साधारण पाच लिटर पेट्रोल जाळते. त्यातली सुमारे एक तृतीयांश उष्णता, म्हणजे जवळजवळ १५ किलोवॉट, कुलंटच्या वाट्याला येते. तिथे निदान समोरून वारा असतो. पुण्याच्या नारायण पेठेत तो नाही. मे महिन्यातल्या दुपारी केळकर रस्त्यावर नाहीतर अलका टॉकीजच्या चौकात गाडी अडकते, एसी चालू असतो, बॉनेटखालची उष्णता बाहेर जायला एका फॅनखेरीज वाट नसते. कमअस्सल भाग द्रुतगती मार्गावर एक वेळ निभावून नेतो. पेठेतल्या कोंडीत त्याचं पितळ उघडं पडतं.

हे कुलंट ज्यात निवतं, त्या आजकालच्या बहुतेक रेडिएटरना दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. मधल्या ॲल्युमिनियमच्या जाळीला त्या रबराची पट्टी घालून, पत्र्याचे दात दाबून बसवलेल्या असतात. गाडी रोज दोनदा काढली तर हा सांधा पाच वर्षांत ३,६५० वेळा तापतो आणि निवतो. प्लॅस्टिक हलकं असेल तर तिथे बारीक चीर जाते. थेंब गळतो, वाळतो, सांध्यावर फिकट खपली धरते. सर्व्हिसिंगला ती कुणी पाहिली नाही, तर एक दिवस काटा लाल रेषेवर जातो. हेडचा पृष्ठभाग किती सपाट हवा, याची मुभा बहुतेक इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटर एवढीच असते. तापून त्याहून जास्त वाकलं की हेड गॅस्केट उडतं, कुलंट ऑइलमध्ये शिरतं आणि काही हजारांच्या भागापायी इंजिन उतरवायची वेळ येते. मालकाला मात्र हमखास ऐकवलं जातं, ‘साहेब, तुम्ही गाडी हीट होऊ दिलीत.’

मला राग येतो तो इथे. एका माणसाच्या बाबतीत हा निष्काळजीपणा असू शकतो. पण तोच भाग, त्याच जागी, हजारो गाड्यांत गेला तर दोष कुणाचा, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही, मोजदाद लागते.

ही मोजदाद अमेरिकेत होते. निसानच्या २००५ ते २०१० सालच्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांत रेडिएटरच्या आतला गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर फुटायचा आणि कुलंट थेट गिअरबॉक्समध्ये जायचं. मालकांनी सामुदायिक दावा लावला. तडजोडीत वॉरंटी १० वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १ लाख ६१ हजार किलोमीटरपर्यंत वाढली. तरी ८० हजार मैलांच्या पुढे मालकाने स्वतःच्या खिशातून २,५०० ते ३,००० डॉलर भरायचे होते. जिंकूनही एवढे! जनरल मोटर्सनेही आपल्या नारिंगी ‘डेक्स-कूल’ कुलंटवरून झालेले दावे २००८ मध्ये मिटवले; तिथे एकेका मालकाच्या हाती पडायचे होते ५० ते ८०० डॉलर.

त्याहून मोठा आकडा ऑगस्ट २०२४ चा आहे. वॉटर पंपाच्या विजेच्या जोडणीत द्रव शिरून आग लागण्याचा धोका दिसल्याने बीएमडब्ल्यूने अमेरिकेत ७ लाख २० हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. आपल्या देशातल्या सगळ्या ग्राहक आयोगांपुढे मिळून तुंबलेली प्रकरणं साडेपाच लाखांच्या घरात आहेत. त्या एका जोडणीसाठी प्रत्येक मालक एकेकटा भांडायला उभा राहिला असता, तर भारतातल्या साऱ्या तुंबलेल्या ग्राहक तक्रारींहून मोठा ढीग झाला असता.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं, गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण त्याची अट आहे पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्यांना इजा होण्याची. इंजिन बसलं आणि फक्त मालकाचा खिसा कापला गेला, तर त्याला ग्राहक आयोगाचीच पायरी चढावी लागते. ती चढणं स्वस्त आहे: आठ लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये. नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तुंबलेला ढीग काय सांगतो ते वर आलंच आहे.

एका तक्रारीतून सर्वांचा हिशेब मांडायचा प्रयत्न राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एकदा केला. शेव्हरोले फॉरेस्टर ही गाडी खडकाळ रस्त्यांसाठी म्हणून विकली गेली आणि पुस्तिकेत उलटंच लिहिलेलं निघालं. अशा २६० गाड्या विकल्या गेल्या हे धरून आयोगाने कंपनीला २५ लाखांचा दंडात्मक भुर्दंड लावला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण तक्रारीत तशी मागणीच नव्हती.

म्हणजे मागणी आधी मांडायला हवी आणि ती एकट्याने मांडून भागत नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत याच पुण्यात १९७४ साली उभी केली, पहिला ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या १२ वर्षं आधी. आजच्या कायद्याचं कलम ३५ तीच वाट मोकळी ठेवतं: मान्यताप्राप्त ग्राहक संघटना तक्रार करू शकते आणि आयोगाच्या परवानगीने एक ग्राहक समान हिताच्या सर्वांसाठी उभा राहू शकतो. बेंगळुरूच्या एका गृहप्रकल्पात १,१३४ सदनिकांपैकी ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार असे गेले होते. सर्वांच्या वतीने बोलण्याइतकी मांडणी तुमच्या तक्रारीत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं, पण त्या ९१ जणांची एकत्र तक्रार चालू ठेवली.

भारतात २०२४-२५ मध्ये ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या हजारात एकीचाच रेडिएटर सदोष निघाला, तरी त्या ४,३०० होतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. त्या अवधीत फुटलेली टाकी भंगारात न देणं, जॉब कार्डावर ‘कुलंट गळती’ हे शब्द तारीख आणि किलोमीटरसह लिहून घेणं, आणि त्याच मॉडेलचे आणखी दहा मालक शोधणं, एवढं तरी पेठेतल्या कुणालाही करता येतं.