द्राक्षाची पेटी व संगणकातील नोंद

परदेशी माल धाडणे हे मोठ्या पेढ्यांचे काम, दोन-चार एकरांच्या बागायतदाराने तिकडे पाहूही नये, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही, हे द्राक्षांच्या उदाहरणावरून आमच्या वाचकांच्या ध्यानी येईल.

युरोपातील खरेदीदारास आपली बाग दिसत नाही. दिसते ती पेटी. फळावर औषधाचा अंश मर्यादेबाहेर राहिलेला नाही, अशी खात्री पटल्यावाचून तो माल घेत नाही. ही खात्री देता यावी म्हणून ‘अपेडा’ या सरकारी संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदपद्धती सुरू केली. तीत बागेचा प्लॉट कृषिखात्याकडे नोंदविला जाऊन त्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस त्याच प्लॉटातून नमुना नेतो व तपासणीचा निकाल संगणकावर चढतो. निकाल अनुकूल असेल तरच पुढील प्रमाणपत्रे मिळतात. पेटीवरील खुणेवरून तो माल कोणत्या प्लॉटातला, हे मागाहून शोधता येते.

लहान बागायतदारास यात लाभ कोणता? अनेकांचा माल एकत्र भरला असता एकाच्या दोषाने सर्वांकडे संशयाने पाहिले जाते. प्लॉटाचा क्रमांक निराळा असला म्हणजे दोष कोठला ते ठरते, व शेजाऱ्याच्या चुकीचा दंड आपणांस भरावा लागण्याचे भय कमी होते. शिवाय ज्याच्या नावास बाजारात पत नाही, त्याचा मालही मोठ्या बागाइताच्या मालाप्रमाणेच त्याच कसोटीस लावला जातो.

तथापि केवळ यंत्रावर विसंबून राहणे घातक होय. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरतात ते ‘सीसीसी’, आढळले आणि निर्यातदार व बागायतदार दोघांसही जबर तोटा सोसावा लागला. नोंदपद्धती चालूच होती. परंतु ते द्रव्य त्या वेळच्या तपासणीच्या यादीत नव्हते. जे तपासलेच नाही, ते संगणक कोठून सांगणार?

म्हणून आमची सूचना अशी की, दर हंगामी तपासणीची यादी प्रथम पाहावी, आणि फवारणीच्या दिवशीच औषधाचे नाव, प्रमाण व तारीख वहीत टिपून ठेवावी. बांधावरची वही खरी असेल, तरच संगणकातील नोंदीस मोल येईल.