जुळणीच्या आराखड्याचें महत्त्व

संस्कृत वाक्यांत पदें कोठेंही ठेवलीं तरी विभक्तींमुळें त्यांचा परस्परसंबंध ढळत नाहीं. 'रामः फलं खादति' आणि 'फलं खादति रामः' यांचा अर्थ एकच. सर्किटच्या आकृतीची रीतही अशीच आहे. कोणता भाग कोणाशीं जोडावयाचा एवढेंच ती सांगते. तो बोर्डावर कोठें बसतो व त्याचें तोंड कोणीकडे, याविषयीं ती मौन धरते.

१९३६ च्या सुमारास इंग्लंडांत पॉल आयस्लर यांनीं रेडिओसाठीं छापील सर्किट बोर्ड तयार केला. तारांच्या जागीं तांब्याच्या रेघा आल्या आणि प्रत्येक भागाचें स्थान ठरून गेलें. तें स्थान व दिशा दाखविणारा कागद म्हणजे जुळणीचा आराखडा. भागांची यादी 'काय' व 'किती' हें सांगते. आराखडा 'कोठें' व 'कसें' हें सांगतो. डायोडची पट्टी कोणत्या बाजूस, कपॅसिटरचें ऋण टोक कोठें, आयसीचा पहिला पाय कोणता, कोणती जागा मुद्दाम रिकामी ठेवावयाची, हें सारें त्यांत असतें.

आतां बहुतेक भाग यंत्रच बसवितें, मग आराखडा कशाला, असें कोणी विचारील. परंतु यंत्रानें बसविलेलें तपासावयाचें माणसानेंच, आणि पुढें दुरुस्तीही त्यानेंच करावयाची.

हा विषय आमच्या परभणी जिल्ह्यास परका नाहीं. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ सालीं सुरू झाली. सौरपंपाच्या नियंत्रक-पेटींत असाच बोर्ड असतो. हरभऱ्यास पाणी देण्याच्या ऐन वेळीं तो बिघडला, आणि दुरुस्ती करणाऱ्यानें नवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा बसविला, तर तो तापून फुटतो. पीक कोणासाठीं थांबत नाहीं. बोर्डावरील छापील खुणा जळून गेल्या असतील तर आराखड्यावांचून त्या तरुणानें कशाचा आधार घ्यावा? म्हणून तो कारखान्याच्या कपाटांत न राहतां दुरुस्ती करणाऱ्याच्या हातीं पोंचला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या घरांतून पाठांतरास जो मान मिळतो, तो रेखाचित्र वाचण्यास मिळत नाहीं. पालकांनीं एवढें तरी करावें: मुलानें निकामी रेडिओ उघडला तर रागावूं नये, एकही भाग काढण्यापूर्वीं बोर्डाचें चित्र, दिशेच्या खुणांसह, त्याजकडून काढवून घ्यावें. हाताच्या आधीं डोळ्यांनीं काम करण्याची संवय अशीच लागते.