सर्व्हर लिहून घ्यायचे नाकारतो तेव्हा...

- प्रतिनिधी

संकेतस्थळ उघडते, पाने दिसतात, छायाचित्रेही दिसतात. मात्र ग्राहकाने मागणी नोंदवली, की चूक झाल्याचा संदेश येतो. ई-मेल येणे थांबते. व्यवस्थापक सर्व्हरवर प्रवेश करून एखादी साधी फाइल तयार करू पाहतो आणि त्याला उत्तर मिळते : 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. सर्व्हर बंद पडलेला नसतो; तो वाचत असतो, पण काहीही लिहून घ्यायला तयार नसतो. लिनक्सवर चालणाऱ्या आभासी सर्व्हरच्या बाबतीत हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी घाईने केलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा महाग पडू शकतो.

माउंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाला सी, डी अशी स्वतंत्र नावे असतात. लिनक्समध्ये सगळ्या फाइलींचा वृक्ष एकच असतो आणि डिस्कचा प्रत्येक भाग त्याच्या एखाद्या फांदीला जोडला जातो. या जोडणीला 'माउंट' म्हणतात. जोडताना काही अटी घालता येतात. त्या भागावर लिहिता यावे की फक्त वाचता यावे, तेथील प्रोग्रॅम चालवता यावेत की नाही, फाइल वाचल्याची वेळ नोंदवावी की नाही, हे या अटींवरून, म्हणजेच 'माउंट ऑप्शन्स'वरून ठरते. 'ईटीसी' या डिरेक्टरीतील 'एफएसटॅब' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्या लिहिलेल्या असतात. प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात आणि त्यातील चौथा रकाना अटींचा असतो.

कागदावर एक, प्रत्यक्षात दुसरे

'एफएसटॅब' ही केवळ इच्छा असते. सर्व्हर सुरू होताना काय व्हावे, एवढेच ती सांगते. या क्षणी कोणत्या अटी लागू आहेत, हे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल 'प्रॉक' डिरेक्टरीतील 'माउंट्स' या फाइलमधून दाखवतो. बिघाडाचा शोध घेताना या दोहोंची तुलना करणे ही पहिली पायरी होय. एफएसटॅबमध्ये लिहिण्याची परवानगी असूनही कर्नल 'आरओ', म्हणजे फक्त वाचन, असे दाखवत असेल, तर बहुधा कर्नलनेच मध्येच दार लावून घेतले आहे.

तो असे का करतो? डेबियन व उबंटू या प्रणालींत मुख्य फाइल सिस्टिमसाठी सहसा 'एरर्स=रीमाउंट-आरओ' ही अट घातलेली असते. फाइल सिस्टिमच्या रचनेत विसंगती आढळताच लिहिणे थांबवावे, असा तिचा अर्थ. बिघडलेल्या रचनेवर लिहीत राहिल्यास चांगल्या फाइलीही नष्ट होतात. त्यामुळे हा नकार म्हणजे माहितीचे संरक्षण असते.

दोष यजमानाचाही असू शकतो

आभासी सर्व्हरची डिस्क अनेकदा यजमान यंत्रावरची एक मोठी फाइल असते. प्रत्यक्षात उपलब्ध असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा अनेक ग्राहकांना वाटून देण्याची पद्धत रूढ आहे. यजमानाची डिस्क भरली, की आतल्या सर्व्हरला स्वतःकडे भरपूर जागा शिल्लक दिसत असतानाही त्याचे लिखाण अयशस्वी ठरते. साठवणूक यंत्रणेशी असलेला संपर्क काही काळ तुटला, तरी हाच परिणाम होतो. स्कझी डिस्कच्या उत्तराची लिनक्स सर्वसाधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो. व्हीएमवेअरची साधने आतल्या सर्व्हरमध्ये ही मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवतात, ती याच कारणासाठी.

ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी यांसारख्या कंटेनर पद्धतीत कर्नल यजमानाचाच असतो. तेथे अनेक अटी यजमानाच्या हाती असल्याने ग्राहकाने एफएसटॅब कितीही बदलली तरी उपयोग होत नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडेच विचारणा करावी लागते.

आधी रीस्टार्ट नको

बिघाडाचे कारण 'डीमेसेज' या आज्ञेने दिसते. हे संदेश स्मृतीत असतात आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की पुसले जातात. डिस्कवर लिहिणेच बंद झालेले असल्याने ते लॉग फाइलमध्ये उतरलेले असतीलच, याचा भरवसा नसतो. म्हणून संदेश आधी दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावेत. वाचन सुरू आहे तोवर महत्त्वाच्या फाइलींची प्रतही बाहेर काढावी. यजमानाची डिस्क व जागा तपासावी. त्यानंतरच डिस्क विलग करून किंवा 'रेस्क्यू मोड'मधून 'एफएससीके' चालवावे. कारण न शोधता पुन्हा लिहिण्याची परवानगी देणे, किंवा लिखाण सुरू असलेल्या फाइल सिस्टिमवर 'एफएससीके' चालवणे धोक्याचे आहे.

संथ सर्व्हर, अडलेला सर्व्हर

प्रत्येक तक्रार एवढी गंभीर नसते. पूर्वी फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ नोंदवावी लागे. म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लिखाण. एकाच डिस्कवर अनेक आभासी सर्व्हर असले, की हा भार वाढत जाई. कर्नलचे विकासक इंगो मोल्नार यांनी २००७ मध्ये या पद्धतीवर कडाडून टीका केली. २००९ मध्ये आलेल्या २.६.३० या आवृत्तीपासून 'रिलएटाइम' ही मधली वाट रूढ झाली. मागील वाचनानंतर फाइल बदलली असेल किंवा आधीची नोंद २४ तासांहून जुनी असेल, तरच नवी वेळ लिहिली जाते. 'नोएटाइम' या अटीने ही नोंदही थांबवता येते.

प्रोग्रॅम बसवताना 'परमिशन डिनाइड' असे उत्तर आले, तर 'टेम्प' डिरेक्टरीवर 'नोएक्झेक' ही अट आहे का, ते पाहावे. सुरक्षिततेसाठी घातलेली ही अट तेथून प्रोग्रॅम चालू देत नाही.

सर्वांत जास्त धास्ती मात्र सर्व्हर सुरूच न होण्याची. जादा डिस्क काढून टाकली आणि एफएसटॅबमधील तिची ओळ तशीच राहिली, तर सिस्टिमडी साधारण ९० सेकंद वाट पाहून 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाते. दूरच्या सर्व्हरमध्ये मग नेहमीच्या मार्गाने प्रवेशही मिळत नाही. ज्या डिस्कवाचून सर्व्हर चालू शकतो, तिच्यासाठी 'नोफेल' ही अट घालावी. डिस्कची नावे बदलू शकतात, म्हणून नावाऐवजी तिचा यूयूआयडी लिहावा.

एफएसटॅबमध्ये बदल केल्यावर 'फाइंडएमएनटी' ही आज्ञा 'व्हेरिफाय' पर्यायासह चालवली, तर बऱ्याच चुका जागीच कळतात. त्यासाठी लागणारे मिनिट रीस्टार्टपूर्वीच खर्च करावे. नंतर ती सोय राहीलच असे नाही.