वातानुकूलित कार्यालयातील हवा आणि डक्टची सफाई

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील बँका, विमा कार्यालये, इस्पितळे व संगणकाची कामे करणाऱ्या कंपन्या यांत आपले अनेक बंधू-भगिनी नोकरी करतात. दिवसाचे आठ-नऊ तास त्यांचे वातानुकूलित इमारतीत जातात. रस्त्यावरच्या धुरापासून आपण सुटलो, असा बहुतेकांचा समज असतो. तरीही दुपारनंतर डोके जड होते, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो, अशा तक्रारी आम्ही नेहमी ऐकतो. रविवारी घरी राहिले की हा त्रास कमी होतो, हेही ऐकतो. तक्रार करणाऱ्याला लगेच कामचुकार ठरवू नये. नव्या व नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत अशा तक्रारी असू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८४ सालच्या अहवालात म्हटले होते.

तक्रारी वाढल्या की व्यवस्थापनाला डक्टची आठवण होते. ठेकेदार येतो, धुळीने भरलेल्या डक्टचे फोटो दाखवतो, मोठे बिल लावतो. पण त्रास खरोखर डक्टमुळे होतो काय, हे समजण्यासाठी हवेचा मार्ग माहीत असणे अगत्याचे आहे.

मजल्याच्या एका कोपऱ्यातील बंद खोलीत एअर हँडलिंग युनिट असते. तेथे हवा प्रथम फिल्टरमधून व मग थंड नळ्यांच्या कॉइलवरून जाते. पंखा ती पत्र्याच्या डक्टमध्ये ढकलतो व ग्रीलमधून ती आपल्या डोक्यावर येते. तीच हवा फॉल्स सीलिंगच्या वरून त्या खोलीत परत जाते. बाहेरची थोडी ताजी हवा तिच्यात मिसळावी, यासाठी एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात.

आमच्या मते खरी गोम या डॅम्परमध्ये आहे. बाहेरची उष्ण व दमट हवा थंड करायला वीज लागते, म्हणून तो अनेक ठिकाणी बंदच ठेवला जातो. ही काटकसर आपल्याकडचीच आहे असे नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत दर माणशी मिनिटाला सुमारे १५ घनफूट ताज्या हवेचे प्रमाण ५ घनफुटांवर आणले गेले. लोकांच्या तक्रारी वाढल्या व १९८९ साली तेथील अभियंत्यांच्या संस्थेने कार्यालयांसाठी ते २० घनफूट केले. ताजी हवा पुरेशी आहे की नाही, हे कार्बन डायऑक्साइडच्या मीटरने कळते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आत तो १००० च्या वर राहिला, तर एकमेकांच्या श्वासातून गेलेली हवाच फिरते आहे असे समजावे. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरील तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोरोनाची लागण झाली. तेथे वातानुकूलन चालू होते, पण बाहेरची हवा आत येत नव्हती. अर्थात मुंबईची बाहेरची हवाही धुळीची, म्हणून डॅम्परमागे चांगला फिल्टर हवाच.

दुसरी गोष्ट पाण्याची. कॉइलवर जमणारे पाणी खालच्या तबकात पडून नळीने वाहून गेले पाहिजे. नळी तुंबली की तबकात शेवाळ व बुरशी धरते, आणि पावसाळ्यात तर कुबट वास सर्व मजल्यावर पसरतो. डक्टसफाईची जाहिरात करणारे १९७६ सालच्या फिलाडेल्फियाचा दाखला देतात. तेथील एका हॉटेलातील मेळाव्यानंतर २२१ जण आजारी पडले व ३४ दगावले. परंतु १९७७ च्या जानेवारीत सापडलेला तो जंतू पाण्यात वाढणारा होता, आणि संशय कूलिंग टॉवरच्या पाण्यावर होता. डक्टमधील कोरड्या धुळीशी त्याचा संबंध नव्हता.

मग डक्ट साफ करूच नये काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ साली घरांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले की, डक्टसफाईने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही. मात्र आत बुरशी दिसत असेल, उंदीर-झुरळे शिरली असतील किंवा ग्रीलमधून धूळ बाहेर पडत असेल, तर सफाई करावी. कार्यालयालाही हा नियम चालण्यासारखा आहे. आतील लोकरीसारखे अस्तर ओले होऊन बुरशी धरली असेल, तर ते घासण्यात अर्थ नाही, बदलावेच लागते. ओल कोठून आली हे शोधले नाही, तर नवे अस्तरही तसेच होईल. तसेच एअर हँडलिंग युनिटची खोली ही जुन्या फायली, रंगाचे डबे व फिनेल ठेवण्याची कोठी नव्हे. तेथील वास थेट सर्वांच्या टेबलावर पोहोचतो.

सफाई करायचीच, तर डक्टच्या एका टोकाला हवा ओढणारे यंत्र लावतात. आतला दाब कमी राहिला की फिरत्या ब्रशने सुटलेली धूळ खोलीत न येता यंत्रातच जाते. या यंत्राचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा असावा. साधा व्हॅक्यूम लावून झाडझूड केली, तर बसलेली धूळ उलट उडते. काम सुट्टीच्या दिवशी, ग्रील झाकून करावे, व सफाईसाठी पत्र्यात पाडलेली भोके नंतर घट्ट बंद करावीत.

या सर्व व्यवहारात एक माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे फॉल्स सीलिंगवर चढून हे काम करणारा ठेकेदाराचा कामगार. बहुधा तोंडाला रुमाल बांधून तो उंदरांच्या लेंड्या, बुरशी व काचलोकर यांत तासन्‌तास असतो. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. त्याला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे द्यावेत व काम सुरू होण्यापूर्वी पंख्याची वीज तोडून त्या स्विचला कुलूप लावावे. जुन्या इमारतीत पाइपांवर किंवा डक्टवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असण्याचा संभव असतो. तपासणी झाल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नये. आपल्यापैकी जे कामगार संघटनेत किंवा कार्यालयाच्या सुरक्षा समितीवर आहेत, त्यांनी हे मुद्दे निविदेतच लिहून घ्यावेत, कारण काम सुरू झाल्यावर ठेकेदार एक मास्कही वाढवून देत नाही.