त्वचारोगाचे मोजमाप

ताप किती आहे हे तापमापक सांगतो. त्वचेच्या रोगाला मात्र असा मापक नाही. तेथे वैद्याच्या नजरेवरच सारी भिस्त असते. सोरायसिस या रोगात त्वचेवर लालसर, जाडसर चट्टे उठतात आणि त्यांवरून चंदेरी पापुद्रे सुटतात. शरीराच्या संरक्षक यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा फार झपाट्याने तयार होतात, हे त्याचे मूळ होय. हा रोग संसर्गजन्य नाही. परंतु तो समूळ बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. उपचार वर्षानुवर्षे चालतात आणि प्रत्येक भेटीत तोच प्रश्न उभा राहतो : मागच्यापेक्षा आज रोग कमी झाला आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर अंकांत देता यावे म्हणून १९७८ साली फ्रेड्रिक्सन व पेटरसन या संशोधकांनी 'पासी' नावाचा गुणांक सुचविला. त्यात डोके, हात, धड व पाय असे शरीराचे चार भाग कल्पिलेले आहेत. प्रत्येक भागातील चट्ट्यांची लाली, जाडी व पापुद्रे यांना ० ते ४ गुण देतात. त्यांची बेरीज करून तिला रोगाने व्यापलेल्या क्षेत्राच्या गुणाने आणि त्या भागाच्या ठराविक भाराने गुणतात. चारही भागांची मिळून कमाल संख्या ७२ होते.

एक उदाहरण घेऊ. एका रोग्याच्या हातांवरील लालीला ३, जाडीला ३ व पापुद्र्यांना २ गुण मिळाले. बेरीज ८ झाली. हातांचे सुमारे २० टक्के क्षेत्र व्यापले असल्यास क्षेत्राचा गुण २, आणि हातांचा भार ०.२. गुणाकार ३.२ येतो. आता दुसऱ्या वैद्याने त्याच वेळी लाली व जाडी यांना प्रत्येकी २ गुण दिले, तर उत्तर २.४ येईल. रोग तिळमात्र हटला नसताना कागदावर तो चतुर्थांशाने घटला! अशा आकड्यावर विसंबून औषध चालू ठेवले अथवा बदलले, तर नुकसान रोग्याचे होते.

नजरेनजरेतील हा फरक कमी करण्याचा एक प्रयत्न कोलकात्यात झाला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था तेथेच आहे. देशातील पहिल्या अंकीय संगणकांपैकी एक याच संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास आला. तेथील उत्पल गराई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली चट्ट्यांच्या छायाचित्रांवरून तीव्रता ठरविण्याची एक पद्धत मांडली. या कामात संगणकशास्त्राबरोबर मानवी आनुवंशिकीच्या अभ्यासकांचाही सहभाग होता.

संगणकाला चित्र दिसते ते आकड्यांच्या रूपाने. छायाचित्रातील प्रत्येक सूक्ष्म बिंदूतील तांबडा, हिरवा व निळा प्रकाश किती, हे साधारणतः ० ते २५५ या अंकांनी नोंदलेले असते. गुण आधीच दिलेली अनेक चित्रे यंत्रापुढे ठेवतात. यंत्र आपले उत्तर त्या गुणांशी ताडून पाहते आणि चूक कमी होईल अशा रीतीने आपली आंतरिक गणिते पुनःपुन्हा सुधारते. लाली, जाडी व पापुद्रे ही एकाच चट्ट्याची अंगे असल्यामुळे कोलकात्याच्या पद्धतीत तिन्ही गुण एकत्रच शिकविले गेले.

तथापि या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. खिडकीच्या उजेडात व दिव्याखाली घेतलेल्या चित्रांत एकाच चट्ट्याची लाली वेगवेगळी उमटते. सावळ्या त्वचेवर ती जांभळट किंवा तपकिरी भासते. म्हणून केवळ गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर शिकलेले यंत्र आपल्याकडे फसू शकते. जाडी वैद्य बोटांनी चाचपून पाहतो. चित्राला स्पर्श नसतो. शिवाय एका चट्ट्याचा गुण म्हणजे सर्वांगाचा 'पासी' नव्हे. आणि यंत्र शिकते ते माणसाने दिलेल्या गुणांवरूनच. ते गुण चुकले, तर तीच चूक यंत्र इमानाने गिरवीत राहील.

यंत्राचा खरा गुण आहे तो समतोलपणा. तेच चित्र आज दाखवा वा वर्षाने दाखवा, न बदललेले यंत्र तेच उत्तर देईल. ते थकत नाही की घाईत नसते. वैद्याच्या अनुभवाला अशा स्थिर मापाची जोड मिळाली, तर 'रोग हटतो आहे काय?' या रोग्याच्या प्रश्नाला अधिक भरवशाचे उत्तर देता येईल.