चिठ्ठी परत डब्यात पडते



मे महिना आला की नदीकाठच्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. हप्ते गोळा होतात, वहीत सह्या होतात आणि उठता उठता कुणीतरी विचारतं, "ताई, यंदा पाणी येईल काय हो?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही. पण त्याच्या पोटातल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याला काढता येतात. पाणी आलंच तर माझ्या उंबऱ्यापर्यंत केव्हा पोहोचेल? आणि ते घरात शिरलं तर नंतर पैसा कुठून उभा राहील? आजच्या भागात सांगली शहर आणि कृष्णाकाठ डोळ्यांसमोर ठेवून याच दोन गोष्टी बोलू.

आधी पाणी कसं येतं ते पाहू. कृष्णा महाबळेश्वरहून निघते. कराडला तिला कोयना मिळते. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. सांगलीत पाऊस थांबलेला असला, ऊन पडलेलं असलं, तरी वर महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात तो कोसळत असेल तर पाणी वाढतच राहतं. त्यातच पुढच्या नद्याही भरून वाहत असतील तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगतं. म्हणून "आपल्याकडे तर पाऊसच नाही" हा धीर खोटा ठरतो. बातम्यांत कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुटला आणि वारणेची स्थिती काय, हे दोन्ही ऐकायचं.

सांगलीत पाण्याची उंची आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथं 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2005 साली पाण्यानं पन्नाशी ओलांडली. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही पलीकडे गेलं. मग 2021 च्या जुलैत पुन्हा पन्नाशीच्या वर.

या तीन वर्षांकडे नीट बघा. 2019 नंतर आमच्या कितीतरी बायका म्हणायच्या, "असला पूर शंभर वर्षांत एकदा येतो. आपल्या वाट्याचा येऊन गेला, आता नातवंडांनी बघावा." त्या धीरावर कुणी नवीन कपाट घेतलं, कुणी पिठाची गिरणी खालच्या खोलीतच बसवली. दोन वर्षांत पाणी परत आलं.

"शंभर वर्षांतून एकदा" हे शब्द चुकीचे नाहीत, आपण त्यांचा अर्थ चुकीचा लावतो. समजा, डब्यात शंभर चिठ्ठ्या आहेत आणि त्यातल्या एकीवर 'पूर' लिहिलंय. दरवर्षी आपण एक चिठ्ठी काढतो. भिशीत काय होतं? जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी बाजूला पडते, पुन्हा तिचा नंबर लागत नाही. पुराचं तसं नाही. निघालेली चिठ्ठी परत डब्यात पडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा शंभरच्या शंभर चिठ्ठ्यांतून काढायची. म्हणून मोठा पूर आला त्याच्या पुढच्याच वर्षीही धोका तेवढाच असतो.

जलसंपदा विभाग नकाशावर दोन पूररेषा आखतो, त्या याच हिशेबाच्या आहेत. निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेवरच्या घराला दरवर्षी शंभरात चार एवढा धोका. चार म्हणजे थोडंच वाटतं. पण घर आपण एका वर्षासाठी बांधत नाही. तीस वर्षांचा हिशेब केला तर त्या घरात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास जाते. लाल रेषेवरच्या घरालाही तीस वर्षांत शंभरात 26, म्हणजे चार घरांतल्या एका घराला. रेषेच्या आत, नदीकडे जावं तसा धोका आणखी वाढतो. बाहेरच्या घरांनाही नाल्याचं तुंबलेलं पाणी चुकत नाही.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपलं घर नकाशावर कुठं बसतं हे माहीत असावं एवढ्यासाठी सांगतोय. ग्रामपंचायतीत, महापालिकेत किंवा जलसंपदा विभागाच्या कार्यालयात पूररेषेबद्दल विचारता येतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे आपल्या उंबऱ्याचा आकडा काढणं. आयर्विनला किती फूट झालं की आपल्या गल्लीत पाणी येतं? किती फुटांना पायरीला लागतं? सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागांत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं, तर उंचावरच्या गल्लीत धोका पातळी ओलांडली तरी येत नाही. सासूबाईंना विचारा, शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, भिंतीवरची 2019 ची खूण बघा. तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग रेडिओवर पातळी ऐकली की धान्य कधी माळ्यावर टाकायचं आणि म्हशी कधी सोडवायच्या, हे भांडणाशिवाय ठरतं.

आता पैशाकडे वळू. पूर ओसरल्यावर पैसा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: सरकारी मदत, आपली बचत आणि विमा.

सरकारी मदत ही आधार द्यायला असते, नुकसान भरून द्यायला नसते. 2019 ला पाणी शिरलेल्या घरांना ग्रामीण भागात 10 हजार आणि शहरात 15 हजार रुपये जाहीर झाले होते. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये धरले आहेत. घर पडलं, जनावर दगावलं तर त्याचे निकष वेगळे. मिळेल ते हक्कानं घ्यायचं, पंचनाम्याला हजर राहायचं. पण फ्रीज, शिलाई मशीन, दिवाण, वर्षाचं धान्य यांची बेरीज केलीत तर फरक तुम्हालाच दिसेल.

मग गटाची बचत? एका बाईच्या घरी दुखणं आलं तर बाकीच्या नऊजणी तिला उचलून धरतात. गटाची ताकद तीच. पण पूर आला की दहाही जणींना एकाच दिवशी पैसा लागतो आणि गटाची पेटी एकच असते. 2019 ला आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. अंतर्गत कर्ज मागणाऱ्या सगळ्या आणि हप्ता भरणारी एकही नाही. अशा संकटासाठी पेटी गावापेक्षा मोठी लागते. विमा म्हणजे तीच मोठी पेटी. त्यात नदीपासून लांब राहणाऱ्यांचेही हप्ते जमा होतात, म्हणून एका वेळी सगळं गाव बुडालं तरी ती रिकामी होत नाही.

घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे एकसारखी पॉलिसी मिळते. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं हे सगळं तिच्यात येतं. घराची इमारत आणि आतलं सामान दोन्हींचा विमा होतो. भाड्यानं राहणारीला फक्त सामानाचा विमा घेता येतो. इमारतीची रक्कम ठरवताना जागेची किंमत धरत नाहीत, ते घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल तेवढा धरतात. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं. रोख पैसे मात्र यात येत नाहीत आणि दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. तेव्हा पाणी वाढलं की दागिने, पैसे आणि कागदपत्रं सगळ्यात आधी बाहेर काढायची. मातीच्या किंवा पत्र्याच्या घराला कोणत्या अटी लागतात, हे हप्ता भरण्याआधीच विचारून घ्या.

छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे. गिरणी, दुकान, पापड-मसाल्याचा माल यांच्यासाठी ती चालते.

इथं आमचीच एक चूक सांगायला हवी. 2019 च्या पुरात आमच्या एका गटाचा मसाल्याचा सगळा माल भिजला. विमा होता. कर्ज देताना बँकेनं उतरवला होता आणि दरवर्षी खात्यातून हप्ताही कापला जात होता. पण पॉलिसीवर पत्ता जुन्या जागेचा. आदल्या वर्षी काम नव्या खोलीत हलवलं, ते आम्ही कळवलंच नव्हतं. दावा नामंजूर झाला. गटातल्या बायकांनी भिजलेल्या मालाचं कर्ज पुढे दोन वर्षं फेडलं. त्या गटाच्या वह्या आम्ही दर महिन्याला तपासत होतो, पण पॉलिसीचा कागद एकदाही उघडला नव्हता.

म्हणून आता आम्ही प्रत्येक पॉलिसीत पाच गोष्टी बोट ठेवून वाचतो. एक, नाव कुणाचं आहे? दोन, पत्ता आजचा आहे का? तीन, विमा कशाचा आहे, फक्त इमारतीचा, सामानाचा की मालाचा? चार, पुराचा उल्लेख आहे का आणि सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाणार? पाच, मुदत कधी संपते? ऐन जुलैत मुदत संपत असेल तर नूतनीकरण जूनमध्येच करा. घरावर कर्ज असेल तर बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती मागणं आपला हक्क आहे.

फॉर्मवर आधीच्या पुराबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलं तर दावा नाकारायला कारण मिळतं. आणि विमा घ्यायचा तो कोरड्या दिवसांत. पाणी पायरीला लागल्यावर कंपनी दार उघडेल या भरवशावर राहू नका. हप्ता घराच्या किमतीवर आणि जागेवर ठरतो, म्हणून दोन कंपन्यांकडे विचारून मगच ठरवा.

आणखी तीन विमे घराच्या विम्यात मिसळू नका. पीक विमा पिकाचा, त्यातून घराला काही मिळत नाही. जनावराच्या विम्याला कानातला बिल्ला लागतो. तो पडला असेल तर लगेच कळवून नवा मारून घ्या, नाहीतर दावा अडतो. आणि दुचाकीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पाण्यात बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. माणसासाठी वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात, पुरासारख्या आपत्तीतला मृत्यूही त्यात धरतात. तिचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणजे मे अखेर खात्यात तेवढे पैसे हवेत.

पाणी ओसरल्यावर पहिली घाई असते चिखल काढायची. ती थोडी आवरा. आधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूण फोटोत येऊ द्या. मग कंपनीला फोन करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. खराब झालेलं सामान सर्व्हेअर बघून जाईपर्यंत टाकू नका. रोगराईमुळे टाकावंच लागलं तर फोटो काढून, यादी करून टाका. पंचनाम्याची प्रत जपून ठेवा. घरपट्टीची पावती, नमुना 8 चा उतारा आणि सामानाची बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर असू द्या आणि त्यांचे फोटो बाहेरगावच्या बहिणीच्या किंवा लेकीच्या मोबाइलवर.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. विमा नियामकाचा मदत क्रमांक 155255 आहे. तरी न्याय मिळाला नाही तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही.

पुढच्या बैठकीसाठी एवढंच काम. येताना प्रत्येकीनं आपल्या उंबऱ्याचा आकडा काढून आणायचा आणि घरात जी काही पॉलिसी असेल ती पिशवीत घालून आणायची. हप्ते गोळा झाले की अर्धा तास बसून ते कागद एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवू. जिच्याकडे पॉलिसी नाही तिनं रिकाम्या हातानं यावं, पण यावं. इतिवृत्तात तिचं नाव लिहून ठेवू आणि जून लागायच्या आत तिच्यासोबत चौकशीला जाऊ.